घेंटने गुरुवार धरला हो!

ऐकलंत का? बेल्जियममधल्या घेंटने गुरुवार धरलाय. एखाद्या काकूंनी धरला असता तर आपण काही बोललो नसतो. इथे अख्ख्या शहराने धरलाय. बरं, दत्ताचा म्हणावा तर दत्त नाहीत, साईबाबांचा म्हणावा तर बाबा नाहीत, मार्गशीर्षातला म्हणावा तर घट नाही, पोथी नाही आणि शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला सवाष्णीही नाहीत. नुसताच आपला कोरडा गुरुवार! मे २००९ मध्ये नगरपालिकेने रीतसर जाहीर करून टाकलं की आठवड्यातला हा एक दिवस गावाने मांसाविना काढावा. पालिकेने शाकाहारी जेवण मिळणाऱ्या जागांचे नकाशे छापून वाटले, आणि असं करणारं जगातलं पहिलंच शहर म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

त्याच वर्षी पुढचं पाऊल शाळांमध्ये पडलं. गुरुवारी पोरांच्या ताटात आपोआप शाकाहारी जेवण. ज्याला मांसच हवं त्याने तसं आधी सांगायचं. हा उलटा न्याय तुमच्या लक्षात येतोय का? विमानात, परदेशातल्या परिषदांत, साहेबाच्या घरच्या पार्टीत, सगळीकडे आजवर शाकाहारी माणूसच ओशाळं हसत ‘माझं जरा वेगळं आहे हं’ असं सांगत आलाय. घेंटमध्ये गुरुवारी ते ओशाळं हसू मांसाहाऱ्याच्या तोंडावर! आमच्या आत्याबाईंनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. त्यांना शाकाहाराचं कौतुक वाटलं, पण देवावाचून गुरुवार धरायचा म्हणजे पुण्य जमा कुठे होतं, हा त्यांचा प्रश्न होता.

आता हे खूळ त्या फ्लेमिश लोकांच्या डोक्यात घातलं कोणी? तिथेच तर खरी गंमत आहे. एव्हा नावाची तिथली शाकाहाराचा प्रचार करणारी एक संस्था. तिने २००८ साली घेंटमध्ये व्याख्यानाला बोलावलं ते राजेंद्र पचौरींना. हो हो, आपलेच पचौरी. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, ज्या मंडळाला आदल्याच वर्षी अल गोर यांच्या जोडीने शांततेचं नोबेल मिळालं होतं. स्वतः शाकाहारी गृहस्थ. गुरंढोरं पोसण्यापायी हवेत किती वायू जातो याचा हिशेब त्यांनी मांडला, आठवड्यातून एक दिवस तरी मांस सोडून बघा असा सल्ला त्या सुमाराला ते जगभर देतच होते, आणि वर्षाच्या आत घेंटच्या पालिकेने तो मनावर घेतला. आपल्या माणसाने आपल्याकडे सांगितलं असतं तर समिती नेमली असती.

आणि हे सोवळं कोणत्या गावाने पांघरावं? ज्या गावाच्या ऐन मध्यावर, लाय नदीच्या काठाला, पंधराव्या शतकातला ग्रोट व्हलेसहाउस नावाचा मांसबाजार उभा आहे! दगडी भिंती, वर ओक लाकडाचं उघडं छप्पर, आणि अगदी अलीकडेपर्यंत त्या तुळयांना टांगलेले सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे भलेथोरले तुकडे. त्या इमारतीच्या अंगाला चिकटून छोटी छोटी घरं आहेत. तिथे आतडी-कोथळ्याचा माल गरिबांसाठी निघायचा. चांगला माल आत, वशाट बाहेर. त्यांतल्या एका इवल्याशा घरात आता दारूचा गुत्ता चालतो आणि नाव आहे ‘गल्गेनहाउस्ये’, म्हणजे फाशीघर. गावातला सगळ्यात लहान गुत्ता म्हणून लोक तिथे अंग चोरून बसतात आणि वर फोटो काढून घेतात.

मांसबाजारापासून दहा मिनिटं चालत गेलात की सेंट बाव्होचं कॅथेड्रल. तिथे यान व्हान आइक आणि त्याच्या भावाचं ते जगप्रसिद्ध वेदीचित्र, १४३२ साली पुरं झालेलं. मधोमध वेदीवर उभं असलेलं कोकरू. शतकानुशतकं ते आपलं गरीब मेंढराच्या चेहऱ्याने उभं होतं. मग चित्राची साफसफाई निघाली. नंतरच्या काळात कोणीतरी वर चढवलेले रंग खरवडले, तर आतून मूळचा चेहरा बाहेर आला, आणि २०२० च्या सुरुवातीला जगभर एकच गलका झाला. कोकराचे डोळे चक्क माणसासारखे समोर रोखलेले! तुम्ही जिथे उभे राहाल तिथे तुमच्याकडेच बघतंय असं वाटतं. आता मला सांगा, सकाळी हे कोकरू बघून आलेल्या माणसाने दुपारी कोकराच्या बरगड्या मागवायच्या कशा? पालिकेचे नकाशे आणि पचौरींचे आकडे जे करू शकले नाहीत ते त्या दोन डोळ्यांनी केलं असणार, अशी माझी आपली खाजगी शंका आहे. (त्याच चित्राची एक फळी १९३४ साली चोरीला गेली ती अजून सापडलेली नाही. तो वेगळ्या दिवसाचा विषय.)

तर, खूळ. एखादी गोष्ट पालिकेने काढली की चार महिन्यांत फलक गंजतो, असा आपला अनुभव. घेंटमध्ये मात्र ते अंगात भिनलं. विद्यापीठाचं गाव, १८१७ पासूनचं. पोरं हजारोंनी, खिसे रिकामे आणि मतं भरपूर. त्यामुळे वजनावर ताट भरून देणाऱ्या शाकाहारी खानावळी निघाल्या. आधी कडधान्याचे डोंगर, मग भाजलेली बीटं, त्यावर बिया, त्या बियांवर आणखी बिया. हावरटपणाने ताट भरलं की काट्यावर जाऊन बसतं आणि लाज सगळ्या रांगेला दिसते. या जागांच्या भिंतींवर हटकून हाताने लिहिलेले उपदेश असतात आणि खुर्च्या एकसारख्या कधीच नसतात.

पण गरिबांच्या पोटाची सोय म्हणून हे खूळ टिकलं असतं तर चर्चा कशाला केली असती? शेफ मंडळीच फितली की! व्ह्रेइमूड हे घेंटमधलं दोन मिशेलिन तारे कमावलेलं रेस्टॉरंट. मिखाएल व्ह्रेइमूड हा तिथला शेफ, हॉफ व्हान क्लेव्हसारख्या नामांकित स्वयंपाकघरात मुरलेला. तिथे भाज्यांचा स्वतंत्र मेन्यू आहे, आणि लोक भाज्यांसाठी महिनाभर आधी टेबल राखून ठेवतात. नवलकोलासाठी आरक्षण! मंडईत आपण ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही त्या कंदाला तिथे चिमट्याने ताटात बसवतात, चमच्याने त्याच्या भोवती काहीतरी हिरवं ओततात, आणि वाढणारा पोऱ्या कंदाची जन्मकथा सांगत उभा राहतो. कथा संपेपर्यंत घास घ्यायचा नाही. आत्याबाईंना हे मात्र पटलं. सत्यनारायणालाही कथेआधी प्रसाद मिळत नाही, म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, चला, शाकाहाऱ्यांचं माहेर सापडलं, बॅगा भरा. थांबा जरा. इथे बटाट्याने दगा दिलाय.

बेल्जियममध्ये चौकाचौकात फ्रितुर असतात, बटाट्याच्या कापांच्या टपऱ्या. फ्रेंच फ्राइज म्हणालात तर तिथला माणूस डोळे बारीक करून बघेल. त्याच्या मते फ्रेंचांचा या प्रकाराशी काडीचा संबंध नाही. काप जाडसर, दोनदा तळलेले. पहिल्यांदा मंद आचेत, आतून शिजेपर्यंत; मग बाहेर काढून निववायचे; मग दुसऱ्यांदा कडक आचेत, बाहेरून कुरकुरीत होईपर्यंत. कागदाच्या शंकूत भरून वर मेयोनेजचा गोळा. वास असा येतो की ट्राम चुकावी. आणि तळण कसलं? पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे ती गाईबैलाची चरबी! तेच तर चवीचं गुपित, असं ते अभिमानाने सांगतात. काय म्हणावं? गुरुवारचं सोवळं नेसलेला भाविक नकाशा हातात धरून, मांसाच्या दुकानांकडे पाठ करून, ‘बटाटाच तर आहे’ म्हणत निवांतपणे टपरीसमोर बसलेला असतो, आणि प्रत्येक कापाबरोबर बैल गिळत असतो. सगळ्याच टपऱ्या चरबीत तळत नाहीत. वनस्पती तेलवाल्याही आहेत. पण विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा संकोच सोडून ‘तळण कशाचं?’ असं विचारायचं. माझी भाची तिथे शिकते, ती सांगते, कोणी रागावत नाही. उलट चरबीवाला असला तर छाती फुगवून सांगतो.

मांस खाणाऱ्यांसाठी याच कापांवर ओतायची एक चीज आहे, स्टोव्हरेय. गाईचं मांस आणि कांदा, गडद बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं, आणि रस्सा दाट करायला काय घालतात? मोहरी फासलेला पावाचा तुकडा. तो वरून तरंगत ठेवायचा. हळूहळू विरघळून रश्श्यात नाहीसा होतो. वाटण नाही, खोबरं नाही, तरी रश्श्याला असा काही गडद, आंबटगोड, चिकट उतार येतो की ज्यांनी खाल्लंय ते जरा गप्पच होतात. घेंटमधल्या कुठल्याही जुन्या गुत्त्यात हे मिळतं. पर्यटकांच्या रांगा असलेल्या ग्रासलेय घाटावर बसून खाल्लंत तर रश्श्यापेक्षा देखाव्याचे पैसे जास्त लागतील. समोर मध्ययुगातल्या व्यापारी संघांची घरं, पाण्यात त्यांची प्रतिबिंबं, सगळं मान्य. पण प्रतिबिंब पोटात जात नाही. दोन गल्ल्या आत शिरा.

दुसरं म्हणजे वॉटरझोय. नाव ऐकून आजाऱ्याची पेज वाटावी. मूळचं हे नदीतल्या माशांचं पाणचट कालवण. पुढे नद्या घाण झाल्या, मासे गेले आणि पातेल्यात कोंबडी आली, असं घेंटकर सांगतात. गाजर, लीकचा कांदा, सेलरी, बटाटा, आणि शेवटी अंड्याचा बलक नि साय. मिरचीचं नाव नाही. पहिल्या चमच्याला मराठी जीभ आजूबाजूला बघते, चुकून मीठ विसरलं का म्हणून. तिसऱ्या चमच्याला कळतं की विसरलेलं काही नाही, आपल्यालाच ओरडाआरड्याची सवय झाली आहे. याच गावात १५०० साली जन्मलेला सम्राट पाचवा चार्ल्स, अर्ध्या युरोपचा धनी, या कालवणावर म्हणे फार जीव ठेवून होता. गाऊटने पाय सुजायचे, वैद्य डोकं आपटायचे, पण ताट काही आखडेना. राज्य सोडून स्पेनमधल्या युस्तेच्या मठाशेजारी देवदेव करायला गेला तेव्हा सोबत स्वतःचा बिअर गाळणारा घेऊन गेला. वानप्रस्थ असावा तर असा.

या चार्ल्सचं आणि गावाचं पुढे बिनसलं, आणि त्याचा संबंध थेट आजच्या एका गुत्त्याशी मी लावणार आहे. इतिहासकारांनी कानावर हात ठेवावेत. झालं असं की राजाने लढाईसाठी पट्टी मागितली, घेंटने दिली नाही, उलट १५३९ मध्ये बंड केलं. हा आपल्याच जन्मगावी फौज घेऊन आला आणि १५४० साली त्याने गावातल्या प्रतिष्ठितांना अनवाणी, बोडक्या डोक्याने आणि कारागिरांपैकी पन्नासजणांना अंगात नुसता सदरा नि गळ्यात फास घालून रस्त्याने माफी मागत चालवलं. दुसरं एखादं गाव हे विसरायला बघेल. घेंटकर आजतागायत स्वतःला मोठ्या डौलाने ‘फासवाले’ म्हणवून घेतात. जुलैमध्ये दहा दिवस जो मोठा उत्सव होतो, घेंटसे फेस्टेन, त्यात गळ्यात दोर घालून मिरवतात, आणि फासाचं नाव दिलेली बिअरही पितात. अपमानाचं लोणचं घालून वर्षभर पुरवून खायचं, ही कला त्यांच्याकडून शिकावी.

आता तो गुत्ता. फ्रेइदाखमार्क्ट म्हणजे शुक्रवारचा बाजार, तिथे डुल्ले ग्रीट. जवळच पाच मीटर लांबीची लाल रंगाची पंधराव्या शतकातली तोफ पडलेली आहे, तिच्यावरून हे नाव. अर्थ साधारण ‘वेडी ग्रीटा’. या गुत्त्यात मॅक्स नावाची बिअर मागवलीत तर ती सव्वा लिटरच्या आसपासच्या लांब ग्लासात येते. बूड गोल, त्यामुळे ग्लास लाकडी स्टँडशिवाय उभा राहत नाही. असा शोभेचा ग्लास दिसला की गिऱ्हाईक काय करणार? पिशवीत घालणार. मग मालकांनी तोड काढली. ग्लास हवा ना? पायातला एक बूट काढून द्या. बूट टोपलीत जातो, टोपली दोरीने सर्रकन छताला. ग्लास परत आला की टोपली खाली, बूट पायात.

अहो, आपल्याकडे देवळाबाहेर चपला जातात म्हणून आपण आत देवासमोर उभं राहूनही बाहेर लक्ष ठेवतो, लग्नात मेहुण्या नवरदेवाचे बूट पळवतात आणि पैसे उकळतात. पण दारूसाठी आपण होऊन बूट गहाण? आणि तो डोक्यावर टांगून? भरल्या गुत्त्यात ज्यांच्या ज्यांच्या पुढे लांब ग्लास आहे ते सगळे एका पायात मोजा घालून बसलेले. प्राध्यापक, वकील, नुकतेच लग्न झालेले. मोज्याला भोक असेल तर सगळ्या गावाला कळतं. चार्ल्सने एकदा अनवाणी चालवलं, तर पाचशे वर्षांनी यांनी अनवाणी बसण्याचाच धंदा केला! आणि लोक जगभरातून या मानहानीसाठी रांग लावतात. मी तर म्हणेन, बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ साली जो वारशाचा दर्जा दिला, तो देणाऱ्यांचे बूट त्या वेळी कुठे होते हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

पिण्याचा विषय निघालाच आहे तर ग्रूट नावाच्या मद्यशाळेचंही सांगते. तिथली बिअर हॉप्सवाचून, नुसत्या जडीबुटीच्या मिश्रणाने करतात, कारण मध्ययुगात नदीच्या एका काठाला तशी चाल होती नि दुसऱ्या काठाला हॉप्सची, असा त्यांचा दाखला. काढ्याची आठवण होते. सर्दी झाली असेल तर जा.

राहण्याची, म्हणजे खरं तर बसून जेवण्याची फॅशनेबल जागा कोणती, तर पाटर्सहोल. ग्राव्हेनस्टेन या बाराव्या शतकातल्या किल्ल्याच्या मागची अरुंद बोळांची वस्ती. एकेकाळी कापडगिरण्यांचे कामगार दाटीवाटीने राहायचे तिथे. शेजारच्या किल्ल्यातसुद्धा एकोणिसाव्या शतकात सूतगिरणी होती! ‘भल्या माणसाने इकडे फिरकू नये’ अशी वस्तीची ख्याती होती. मग गेल्या शतकाच्या अखेरीस डागडुजी झाली, आणि आता प्रत्येक दारात मेन्यूचा फळा आणि मेणबत्ती. तीच भिंत, तोच ओलावा, पण आता त्याला वातावरण म्हणतात आणि बिलात लावतात.

बिलावरून आठवलं. पाणी! साधं पाणी मागितलंत तर बाटली येते आणि बाटलीला दाम पडतो, कित्येकदा बिअरच्या जवळपास जाणारा. नळाचं द्या म्हटलं तर वाढपी असं बघतो जणू आपण त्याच्या आजीचे दागिने मागितले. तहानलेल्याला पाणी न देण्याचं पाप कोणत्या नरकात फेडतात हे गरुडपुराणात बघायला हवं. शिवाय वेळा: दुपारी बारा ते दोन, मग संध्याकाळी सहानंतर, मधे चूल बंद. तीनला भूक लागली तर ती तुमची जबाबदारी. रविवार-सोमवार तर निम्मी दारं बंदच. दुपारी फळ्यावर ‘दाखस्खोटेल’ लिहिलेलं दिसलं तर ते निमूट घ्यावं. दिवसाची ठरलेली थाळी असते, स्वस्त असते, आणि निवड करण्याचा मनस्ताप वाचतो.

घेंटकर स्वतः मात्र पाटर्सहोलच्या मेणबत्त्यांत फारसे रमत नाहीत. उशिरा रात्री भूक लागली की त्यांची पावलं स्लेपस्ट्राटकडे वळतात. तुर्की खानावळींची ओळच्या ओळ. १९६०च्या दशकात गिरण्यांना माणसं हवी होती तेव्हा तुर्कस्तानातून, त्यातही एमिरदाग नावाच्या एका भागातून, लोक मोठ्या संख्येने आले ते इथेच वसले. पातळ भाकरीवर खिमा पसरून भट्टीत भाजायची, वर लिंबू पिळायचं, गुंडाळी करायची. मसूरडाळीचं सूप मिळतं, त्यातही लिंबू, आणि पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी येतं, कारण डाळ शेवटी डाळ. मिशेलिनवाले बिया मोजत बसले असतील तेव्हा शहाण्या माणसाने इथे बसावं. पोट भरतं, वर चहा मिळतो, आणि सगळे बूट जागच्या जागी असतात.

गोडाकडे वळूया? तर ऐका. हे लोक पावाला इस्त्री करतात. हो, कपड्यांची इस्त्री! मास्टेल नावाचा दालचिनीचा गोल पाव असतो, मधोमध खळगा पडलेला. तसा साधाभोळा, धार्मिक पाव आहे. ३ नोव्हेंबरला संत ह्युबर्टच्या दिवशी तो चर्चमध्ये मंतरून घेतात, पिसाळलेला कुत्रा चावू नये म्हणून. पण या सात्त्विक पावाचे पाटर्सहोलच्या जत्रेत काय हाल! मधून कापतात, आत लोणी आणि ब्राउन साखर भरतात, आणि वरून तापलेली इस्त्री दाबून धरतात. चुर्र आवाज होतो, साखर वितळून कडेने बाहेर येते, पाव चपटा होतो. मी म्हटलं, मग त्या इस्त्रीने सदरे कधी करता? भाची म्हणाली, मावशी, ती इस्त्री वेगळी असते. असेलही. आमच्या इमारतीतल्या इस्त्रीवाल्याला मी हे सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो.

आणि आता ग्रुंटेनमार्क्ट, म्हणजे भाजीबाजार. तिथे टीरेंटाइन-व्हर्लेंट हे मोहरीचं दुकान, १७९० पासूनची परंपरा. मोहरी म्हणजे फोडणीची नव्हे, वाटलेली. लाकडी पिंपातून पळीने काढून बरणीत भरून देतात, टिकवण्याचं कसलंही द्रव्य नाही, म्हणून घरी नेऊन थंड ठेवायची. पहिल्यांदा चाखाल तेव्हा नाकातून वाफ मेंदूपर्यंत जाते. युरोपात आल्यापासून जिभेला कोणी मारलं नाही म्हणून हिरमुसलेल्या मराठी माणसाला इथे न्याय मिळतो. स्टोव्हरेयमधल्या पावाला फासतात ती हीच.

याच चौकात एक प्रकरण घडलं. क्युबरडॉन नावाची जांभळी मिठाई, शंकूच्या आकाराची. नाकासारखी दिसते म्हणून घेंटकर तिला ‘न्योझेके’, नाकुलं, म्हणतात. बाहेरून कडकसर, आतून रासबेरीचा पातळ पाक. तीनेक आठवड्यांत आतला पाक साखरेसारखा घट्ट होतो, त्यामुळे परदेशी पाठवायची सोय नाही; खायची तर तिथे जाऊनच. असा नाजूक माल विकणाऱ्या दोन गाड्या या एकाच चौकात समोरासमोर. माल तोच, रंग तोच, गिऱ्हाईक तेच. मग काय व्हायचं ते झालं. अस्सल कोणाची यावरून शब्दाला शब्द, शिव्या, तक्रारी, वर्षानुवर्षं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘नाकांची लढाई’ नाव दिलं, आणि गुरुवार पाळायला लावणाऱ्या त्याच पालिकेला शेवटी मधे पडून दोघांना तंबी द्यावी लागली. जगाच्या हवामानाचा प्रश्न एका व्याख्यानात सुटायला लागला, पण दोन मिठाईवाल्यांचं काही जुळेना!

लोक विचारतात, मग घ्यायची कोणत्या गाडीवरून? मी पहिल्याकडून छोटी पुडी घेतली, दुसऱ्याच्या गाडीसमोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्याकडे बघत एकेक नाक चावून खाल्लं. मग त्याच्याकडून पुडी घेतली आणि पहिल्यासमोर गेले. चवीत मला तरी काही फरक कळला नाही, पण दोघांचे चेहरे असे झाले होते म्हणून सांगू!